गादीवाल्याची सगळ्यात खालची गादी

पाण्याची टाकी मागे पडली, लाकडाची वखार मागे पडली आणि कालव्याकडेचा सरळ रस्ता लागला, तसा दादा पुन्हा थांबला. या वेळी त्याने एका बंद टपरीचं कुलूप निरखायला घेतलं.

"चांगलं कुलूप आहे," तो म्हणाला.

"मघाचं झाडही चांगलं होतं. त्याच्या आधीचं गटारसुद्धा," धाकटी म्हणाली. "कंबर धरलीय तर सरळ सांग ना. थांबू या की."

"हळू बोल."

"इथं आहे कोण ऐकायला? ती शेळी?"

"शेळीला मालक असतो," असं म्हणून दादा पुन्हा कुलपाकडे वळला.

चालताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची धाकटीला सवय होती. पण दादाबरोबर फिरायला लागल्यापासून ते नाव कधी पुरं झालं नव्हतं. निम्म्यात आली की कानाशी यायचं, "मागे कोणी येतंय का बघ." देवालाही थोडं थांबायची सवय असेल, असं म्हणून ती मागे वळून बघायची.

दादा तिचा थोरला भाऊ, आणि ही धाकटी म्हणजे जिच्याकडून ही हकिगत तुमच्यापर्यंत येते आहे तीच. दादाचा धंदा गाद्यांचा. वडलांनी थाटलेलं दुकान. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, पुढच्या खोलीत फळ्यांचा रुंद ओटा, आणि ओट्यावर मांडी घालून, दातात दोरा, हातात दाभण घेऊन वाकलेला दादा. भुवयांवर कायम कापसाचे तंतू, त्यामुळे तिशीतच तो म्हातारा दिसायचा आणि साठीला आला तरी तेवढाच म्हातारा दिसत होता. अंगाने गोल, ताठ आणि दोन्ही टोकांना सारखाच जाड, म्हणून बाजारात त्याला 'लोड' म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. "लोडाला टेकल्याशिवाय कोणाचं बसणं होत नाही," असं तो वर सांगायचा.

गादीपलीकडे त्याला जग नव्हतं. कोणाच्या घरी गेला की आधी खुर्ची दाबून बघणार, मग बसणार. धाकटीच्या सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा बाकीची मंडळी व्याह्यांच्या तब्येतीची चौकशी करत होती, आणि हा आतल्या खोलीत पलंगावर आडवा पडून "हिला खालून ओल लागलीय हो" असं तिथूनच ओरडून सांगत होता. धाकटीच्या सासूबाईंनी ती ओल पुढे कितीतरी वर्षं मनात धरून ठेवली.

दुकानावर पाटी होती, 'आमच्या गादीवर झोपा, पाठदुखी विसरा.' आणि रस्त्याच्या बरोबर पलीकडे काचेचं दुकान होतं फोमवाल्याचं. तिथं तयार गाद्या प्लास्टिकात गुंडाळून उभ्या केलेल्या असायच्या. दादा त्याला स्पंजवाला म्हणायचा. "फोम ही भांडी घासायची वस्तू. तिच्यावर माणूस झोपवायचा म्हणजे काय?" फोमवालाही काही कमी नव्हता. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "कापसाची गादी म्हणजे सासुरवाशीण. दर दोन वर्षांनी माहेरी आलीच पाहिजे." दोघांच्यात सरळ बोलणं नव्हतं. जे काही होतं ते गिऱ्हाइकांच्या तोंडून रस्ता ओलांडत असे.

आणि अशा ह्या दादाची पाठ गेली.

गेली ती एका दिवसात नाही. सकाळी उठताना कंबर आखडायची, गठ्ठा उचलताना कळ यायची, डाव्या पायात मुंग्या यायच्या. दादा म्हणायचा, वारा लागला. बारा महिने चोवीस तास कोणता वारा लागतो, असं वहिनी विचारायची. मग एका दुपारी दुकानात एक नवरा-बायको आलेले असताना दादाच्या नाकात तंतू गेला. त्याने शिंक दिली, शिंकेसरशी जो वाकला तो वाकलेलाच राहिला. वर येईना. पण धंद्याची बुद्धी शाबूत होती. "हे टाके बघा," असं तो तिथूनच म्हणाला, "असे टाके कुठे मिळणार नाहीत." नवरा टाके बघायला वाकला. बायको वाकली. रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे आत येऊन, काय हरवलंय म्हणून तेही वाकले. शेवटी वहिनी चहा घेऊन बाहेर आली, तर दुकानात सगळे ओणवे. तिने नवरा तेवढा ओळखून आत नेला.

त्यानंतर दादाने स्वतःवर उपचार सुरू केले. उपचार एकच, गादी. आधी आपल्या गादीत त्याने आणखी कापूस भरला. मग त्या गादीखाली दुसरी घातली. मग वर तिसरी, अगदी मऊ, नुकत्याच पिंजलेल्या कापसाची. त्या तिघींवर दादा झोपला की बुडायचा. सकाळी फक्त नाक दिसायचं. वहिनी खाली चटईवर सुखाने झोपायची आणि उठल्यावर लोड घालून, तरफेने दगड काढावा तसं नवऱ्याला बाहेर काढायची. पाठ दुखायची काही थांबली नाही, उलट बिघडली.

"डॉक्टरकडे जा," धाकटी म्हणाली.

"आणि स्पंजवाल्यानं पाहिलं म्हणजे? गादीवाल्याचीच पाठ दुखते म्हटल्यावर माझ्याकडे येईल कोण? न्हाव्याच्या डोक्यात उवा निघाल्यासारखं आहे ते."

भीती खोटी नव्हती. ह्या दुकानावर चूल होती आणि वडलांचं नाव होतं. धाकटीने समजूत घातली, घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं दादाला कोणी ओळखत नव्हतं अशा हॉस्पिटलात त्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून त्याच्या कंबरेचा फोटो काढून आणला. कंबरेत हाडं असतात, एवढं दादाला माहीत होतं. हाडाचं काय ते कळवतील, अशा समजुतीत तो होता.

चार दिवसांनी दुकानात फोन वाजला. पलीकडे हॉस्पिटलातली मुलगी होती.

"रिपोर्ट आलाय. तुमची गादी खराब आहे."

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आमची गादी?"

"हो. सगळ्यात खालची. पार चपटी झालीय."

"कधी नेली होती?"

"काय?"

"आमची गादी खराब निघायची नाही. तुम्ही एकाच कुशीवर झोपत असाल. उलटी करून बघा."

"उलटं झोपायचं की नाही ते डॉक्टरबाई सांगतील," ती म्हणाली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी दादा निघाला तो खांद्याला पिशवी अडकवून. धाकटी बरोबर होती. "पिशवीत काय आहे?" तिने विचारलं. "दुरुस्तीला चाललोय ना," दादा म्हणाला. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. तीही दुरुस्तीलाच चालली होती.

डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी दोघांना बसवलं.

"गादीचं कळलं ना फोनवर?"

"कळलं," दादा म्हणाला. "पण पटत नाही. आमच्यात असं कधी झालेलं नाही."

"घरात कोणालाच नाही? वडलांना?"

"वडलांची एकही गादी कधी परत आली नाही."

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छताकडे पाहिलं.

"बरं, आडवे व्हा बघू."

"हो, झोपूनच बघावी लागते," म्हणत दादा तपासायच्या टेबलावर चढला, आणि कण्हत का होईना, आडवा झाला. बाईंनी त्याचा डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. "कळ कुठं येते?"

"कळेचं सोडा. इथं खड्डा पडलाय. आतला माल सरकलाय."

"कंबरेशी?"

"नाही, डोक्याकडे."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. अंगठा वर ओढा, टाच दाबा, इथं बधिर वाटतं का, असं सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "लघवीवर ताबा आहे ना?"

दादाचा चेहरा पडला. "बाई, गादी ओली करणारी माणसं नाहीत आमची," तो म्हणाला. मग उठून बसला, पिशवीत हात घातला आणि वीतभर लांबीचा दाभण बाहेर काढला. "तुम्ही जरा बाजूला व्हा. उसवून बघतो."

बाई भिंतीपर्यंत मागे गेल्या. आता कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला, आणि हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा," ती म्हणाली, "यांची गादी नव्हे. तुझी."

"माझी? माझी तर घरी आहे."

"तुमच्या कंबरेतली," बाई भिंतीपासूनच म्हणाल्या. "तो दाभण आत ठेवा, मी दाखवते."

उजेडाच्या काचेवर त्यांनी फोटो लावला. मणक्यांची उतरंड रचलेली दिसत होती, आणि दर दोन मणक्यांच्या मध्ये एकेक फिकट, फुगीर पट्टा. सगळ्यात खालचा मात्र काळपट आणि बसका. वरच्या सगळ्या उशा, आणि खालची चटई. दादाने चष्मा लावला. गादीपुढे उभा राहून तो गप्प आहे, असं धाकटीने पहिल्यांदा पाहिलं.

"माणसाच्या आत गाद्या असतात?"

"असतात."

"कोणी घातल्या?"

बाईंनी नुसतं बोट वर केलं. त्या बाई धाकटीला तेव्हापासून आवडल्या.

"भरलंय काय आत?"

"बाहेरून चिवट कडं असतं. आत ओलसर, लिबलिबीत गर."

"कापूस नाही?"

"नाही."

"दाबलं की दबतं, सोडलं की आपलं आपण वर येतं?"

"अगदी तसंच."

दादा खुर्चीत बसला. खुर्ची दाबून न बघता बसला. "धाकटे," तो बारीक आवाजात म्हणाला, "देवानं माझ्या आत फोम भरलाय."

मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. ह्या गाद्यांमधलं पाणी वयाबरोबर कमी होतं, त्या बसतात, झिजतात. केस पिकतात तशी ही गोष्ट, थोडीफार सगळ्यांनाच होते. दादाने जन्मभर वाकून शिवलं, गठ्ठे उचलले, म्हणून त्याची थोडी पुढे गेली असेल. शेजारून जाणारी शीर चिडली की पायात कळ उतरते. पण असाच फोटो असलेली कितीतरी माणसं काहीही न दुखता हिंडतात. "फोटो खराब म्हणजे माणूस खराब नव्हे," त्या म्हणाल्या.

"उसवून परत भरता येत नाही?"

"उसवायची वेळ फार थोड्यांवर येते. पायातली ताकद कमी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी-संडासचा ताबा गेला, तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही. म्हणून मघाशी विचारलं. नाहीतर थोडे दिवस गोळ्या, शेक, शिकवलेले व्यायाम, आणि रोज चालणं. उचलताना गुडघ्यात वाकायचं. आणि पडून राहायचं नाही."

"बाई, आमचा धंदाच लोकांनी पडून राहण्यावर आहे."

"लोकांनी रात्री पडावं. तुम्ही दिवसा चाला."

"आणि गादी? ती तशीच ठेवायची, बसलेली?"

"ती नवी होणार नाही. पण पोटाचे, पाठीचे स्नायू घट्ट झाले तर बराचसा भार ते उचलतील."

दादाने विचार केला. "म्हणजे खोळ," तो म्हणाला. "आतला माल बसलेला असला तरी खोळ ताणून शिवली की गादी चार वर्षं ओढते."

"तसंच समजा. खोळ ताणा," बाई म्हणाल्या. मग निघताना त्यांच्या टेबलाच्या गादीला दादाने डोक्याकडून टाके घातलेच. बाई नको म्हणाल्या नाहीत.

घरी आल्या आल्या वहिनीने वरच्या दोन गाद्या काढून विकायला लावल्या. राहिलेली एक तिने इतकी बडवली की ती आपोआप घट्ट झाली. दादाने ओट्याला राम राम करून उंच टेबल करून घेतलं आणि उभा राहून शिवायला लागला. गिऱ्हाइकांनी विचारलं, की सांगायचा, "नवी पद्धत आहे. टाका खोल बसतो." पाटी होती तशीच होती. तिच्याखालून आत जाताना मात्र तो हल्ली मान खाली घालायचा.

व्यायाम शिकायला त्याच लांबच्या हॉस्पिटलात जायचं होतं. लांबलचक खोली, मध्ये पडदे, आणि शिकवणारी एक चुणचुणीत मुलगी. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून देवाचं नाव घ्यायची. तिथं निदान कोणी मागे बघायला लावत नव्हतं. पहिला व्यायाम दादाला आवडला नाही.

"काका, चार पायांवर व्हा. मांजर अंग ताणताना पाठ वर काढते ना, तशी काढा."

"मला मांजर नको. दुसरा कोणता तरी प्राणी नाही का?"

"उंट आहे, पण तो नंतर."

दादा मांजर झाला. पडद्यापलीकडेही कोणीतरी कण्हत मांजर होत होतं. दोघांकडे एकदमच बघता यावं म्हणून मुलीने मधला पडदा सर्रकन ओढला, आणि दादा पाठ वर काढून समोर बघतो, तर नाकासमोर फोमवाला. तोही चार पायांवर, तोही पाठ वर काढून, फक्त त्याचा चष्मा लोंबत होता.

काही वेळ दोन्ही मांजरं एकमेकांकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं, आता फिस्कारतात.

"गुडघा," शेवटी फोमवाला म्हणाला.

"माझाही," दादा म्हणाला.

"बोलू नका, पोट आत घ्या," मुलगी म्हणाली. "आणि दोघांनी नुसतं एकमेकांचं बघून केलं तरी चालेल. तुम्हा दोघांची गादी एकच आहे."

"कदापि नाही," दोघं एकदम म्हणाले.

"सगळ्यात खालची हो. तीच झिजलीय दोघांची."

परत येताना बसमधून उतरल्यावर दादा म्हणाला, "फोमवर झोपून त्याची गेली, ते समजू शकतो." आणि जरा वेळाने, "पण माझी कशी गेली?" धाकटी म्हणाली, "गादी बघून थोडीच जाते. वयाला दुकान कळत नाही."

ही झाली गेल्या आठवड्यातली गोष्ट. तेव्हापासून दादाला एकच घोर लागला होता. फोमवाल्याने तोंड उघडलं तर दुकान बसलं. आता खरं म्हणजे, बोलला असता तर फोमवाल्याचंही बसलं असतं, पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही.

कालव्याच्या पुलापाशी आल्यावर दादा एकदम म्हणाला, "बोललो मी स्पंजवाल्याशी."

"समोरासमोर?"

"समोरासमोर. माणूस तसा वाईट नाही. तो म्हणाला, तुम्ही बोलणार नाही तर मी बोलणार नाही. मी म्हटलं, मी कशाला बोलतोय. तो म्हणाला, मग मीही नाही. असं बराच वेळ चाललं." दादा चालत होता. वखारीनंतरच्या कुलपापासून तो कुठेही थांबला नव्हता, हे धाकटीने पाहिलं आणि त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थांबला असता. "उद्यापासून तो आपल्याबरोबर फिरायला येणार आहे. त्यालाही चालायला सांगितलंय."

"बरं झालं. तुला सोबत होईल."

"बरं कसलं? आम्ही दोघं रोज एकत्र फिरताना दिसलो तर लोक काय समजतील? एक तर दुकानं एक केली म्हणतील, नाही तर दोघांना एकच रोग आहे म्हणतील. आजच तो किराणावाला विचारत होता, लोडशेठ, रोज कालव्याकडे काय काढलंय? म्हणून आम्ही एक ठरवलंय." दादाने घसा खाकरला. "पाठ तुझी गेलीय."

"माझी?"

"तुझी. मी भाऊ म्हणून तुला फिरवतो आणि तो शेजारधर्म म्हणून बरोबर येतो. ह्यात दोघांचीही अब्रू राहते. तुझं तर दुकानच नाही, तुझं काय जायचंय?"

"दादा, मी खोटं बोलत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणून तर तुझी निवड झाली. तुझ्यावर कोणीही विश्वास ठेवेल. आणि तुला बोलायचं काहीच नाही. बोलायला आम्ही दोघं आहोत."

"मग मी काय करायचं?"

पुलाच्या त्या टोकाला सायकलची घंटी वाजली. हँडलला पिशव्या लटकवून किराणावाला समोरून येत होता, आणि लांबूनच त्याने हात वर केला. दादाने कंबरेवरचा हात झटकन काढला, छाती पुढे काढली, आणि ओठ न हलवता, अगदी हळू, लहानपणी धाकटीचा खाऊ मागायचा त्या आवाजात म्हणाला, "तू फक्त जरा वाकशील का? देवापुढे वाकतेस तेवढीच. तो पुढे जाईपर्यंत."